कार्डाची मागची बाजू

बालाघाटचे मुकुंद वकील आपल्या कार्डाच्या मागे दोन ओळी लिहून द्यायचे आणि तेवढ्यावर नागपूरच्या दवाखान्यात खाट मिळायची. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीत मुलगा बसला, संकेत. किरनापूरची शेवंताबाई आजारी लेकीसाठी त्याच्याकडे तसंच कार्ड मागायला आली.

"मावशी, आता कागदाचं कार्ड कोण ठेवते? हे स्कॅन करा, सब कुछ आ जाएगा," म्हणत त्याने क्यूआर कोड उघडून मोबाईल पुढे धरला.

तिने तो घेतला, उलटा केला आणि त्याच्याच हातात दिला. "हौ भाऊ. मांगं दोन ओळी लिहून द्या. पोरीले खाट भेटून नाही राह्यली."

संकेतने वडिलांचं उरलेलं एक कार्ड काढून पेन उघडलं.



फोनमध्ये तीन हजार ओळखी होत्या. चिठ्ठी कोणाच्या नावाने लिहावी, ते मात्र त्याला सुचेना.