सत्तर टक्के

"अगं, उडी मार ना!" वैजयंता कालव्याच्या काठावरून किंचाळली.

शेजारच्या कदमांचा चार वर्षांचा अद्वय गटांगळ्या खात पुलाकडे वाहत चालला होता. वैजयंताला पोहता येत नव्हतं. तिची सतरा वर्षांची लेक ऋजुता पोहण्यात तालुक्यात पहिली आलेली, पण ती जागची हलली नाही.

"पाण्याला ओढ आहे, आई. धोका सत्तर टक्के आहे," ती शांतपणे म्हणाली. डोळे मात्र घळाघळा वाहत होते.

तिच्या कानामागची पट्टी हिरवी लुकलुकत होती. धोका तोलून माणसाला आवरणारा मेंदूचा जो भाग पंचविशीपर्यंत कच्चा असतो, त्याचं काम ही पट्टी करायची. मागच्या वर्षी ऋजुताने पैजेखातर याच पुलावरून सूर मारला आणि दुसऱ्याच दिवशी वैजयंताने ती बसवून घेतली. तेव्हापासून घरात दार आपटल्याचा आवाज आला नव्हता.

पट्टी बंद करायचं बटण आईच्या फोनमध्ये होतं. वैजयंताने बोट पुढे केलं आणि ते तिथेच अडलं. सत्तर टक्के. आणि पोर दुसऱ्याचं.

अद्वयचं डोकं पाण्याखाली गेलं.

तिने डोळे मिटून बटण दाबलं. उघडले तेव्हा काठावर नुसत्या चपला होत्या.

पुलापलीकडे ऋजुता अद्वयला काखेत धरून वर आली. पोर खोकत, रडत होतं. ऋजुता निथळत आईसमोर येऊन उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"एवढा वेळ कसला विचार करत होतीस गं?"