लागू नसेल ते खोडा

'वडील : हयात / मयत. लागू नसेल ते खोडा.' मुलीने दोन्ही शब्द तसेच ठेवले होते.

"लढाईवरून अजून परतले नाहीत, ताई. काय खोडू?"

महिला कॉलेजच्या वसतिगृहाच्या खिडकीपुढे रांग लागली होती आणि क्लार्कबाईंचं बाळ घरी तापाने फणफणलं होतं. "अर्धवट फॉर्म पुढे सरकत नाही गं," म्हणत त्यांनीच 'हयात'वर रेघ ओढली. मुलीला खोली मिळाली.

महिन्याभराने कुबडी टेकत तिचे वडील भेटायला आले. सहीसाठी बाईंनी तोच फॉर्म पुढे केला. ते रेघेपाशी थबकले.

"पोरीनं खोडलंच होय मला?" त्यांनी हसून पाहिलं.

'मी' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला.

"मुलींना घाई असते हो," त्या म्हणाल्या.