लाकडाचा अंदाज

"एकतीस किलो," धाकटी म्हणाली. ट्रकनं नुकताच राडारोडा ओतला होता, धूळसुद्धा खाली बसली नव्हती.

मॅडमनी आकडा लिहून घेतला. जेवणाची सुट्टी संपल्यावर माणसांनी ढीग उपसला. विटा एकीकडे, लाकूड एकीकडे. लाकूड काट्यावर चढलं. एकतीस.

"काट्याला सुट्टी द्या, हिलाच उभी करा इथं!" ट्रकवाला ओरडला. सगळे हसले. थोरली सोडून.

तिचा ढीग शेजारीच. ती बावीस बोलली होती, भरलं अठ्ठावीस.

पाडलेल्या घरांचा माल इथल्या खड्ड्यात गाडायचे. विटा, सिमेंट मातीखाली गप पडून राहतं. लाकूड-पुठ्ठा मात्र कुजतं आणि त्यातून गॅस सुटतो, हवा तापवणारा. तो वर्षाला किती सुटेल, हे काढायचं मॅडमचं काम. प्रत्येक ट्रक उपसून बघायचा तर जन्म जाईल. म्हणून नुसत्या नजरेनं ढिगात लाकूड किती ते सांगणारी एक बाई त्यांना हवी होती. कायमची. सावलीत खुर्ची, खोऱ्याला रामराम. पाच दिवसांची परीक्षा, आणि समोरासमोर दोघी जावा.

थोरलीची अकरा वर्षं या धुळीत गेली. छातीचा भाता झालेला. घरचा जिना चढताना दोनदा बसायची. धाकटीला इथं आणलं तिनंच, ओलं लाकूड दिसतं त्यापेक्षा जड भरतं हे शिकवलं तिनंच. आणि आता सासूबाईसुद्धा म्हणायला लागल्या, "धाकटीची नजर म्हणजे नजर हो!"

चार दिवस धाकटी किलोला किलो बरोबर. चौथ्या दिवशी मॅडमनी लाकूड दोनदा काट्यावर घालायला लावलं. मग धाकटीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दुपारी जेवायला कुठे बसता हो?"

"जाऊबाईंजवळ. शेडच्या कडेला."

झालं! आता मॅडम हिला शेजारी घेऊन जेवणार वाटतं. थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली.

"जाऊबाई, मला लागली ना नोकरी, तर पहिला पंखा तुमच्या खोलीत," पाचव्या दिवशी डबा उघडताना धाकटी म्हणाली.

"तुझा पंखा तुलाच लखलाभ."

त्या सकाळी धाकटी चाळीस बोलली होती, थोरली सव्वीस. अर्ध्या जेवणातून थोरली उठली.

"पाणी भरून आणते."

बाटली भरलेलीच होती.

शेडमागं एक मोडकी चौकट पडली होती. तिनं ती ओढत आणली, धाकटीच्या ढिगात मधोमध खुपसली, वर विटा लोटल्या. परत आली तेव्हा श्वास मावत नव्हता.

"एवढी कसली धाप?" धाकटी तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली. थोरलीनं हात झटकला.

ढीग उपसले. थोरलीचं लाकूड भरलं सत्तावीस. धाकटीचं अठ्ठावन्न.

धाकटीचा चेहरा एवढासा झाला. "असं कसं? मी नीट बघितलं होतं..."

थोरली पदर तोंडाला लावून खोकली. हसू लपवायला तेवढं पुरलं.

"अठरा किलोंचा फरक," मॅडम म्हणाल्या, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "बरं वाटलं बाई. इतका नेमका अंदाज कुणाचा येतो का कधी? मला वाटत होतं, सुट्टीत कुणी नसताना तुम्हीच ढिगातलं लाकूड कमी-जास्त करताय. पण तसं करणारी बाई अशी तोंडावर आपटत नाही."

त्यांनी पेन धाकटीच्या हातात दिलं.

"करा सही. आजही आकडा जुळला असता ना, तर तुमच्या जाऊबाईंचं नाव लिहून मोकळी झाले असते."