भिंतीपलीकडचा कान

मखदूमचाचांनी तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या, तारांखालच्या हाडाच्या घोडीवर हलकी कानस फिरवली आणि तारा पुन्हा चढवून छेडल्या. मग सवयीनं मान वळवून ते स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बघत थांबले.

घोडी घासून आवाज मोकळा करायची, म्हणजे जवारी काढायची, त्यांची हीच रीत होती. वाद्य मांडीवर असलं की आपलाच कान आपल्याला फसवतो, असं ते म्हणायचे. म्हणून कानस त्यांची आणि कान बायकोचा. भिंतीपलीकडं भाकऱ्या थापता थापता जैतूनबी ओरडायची, "अजून दबलाय!" "जरासं राहिलंय!" आवाज मोकळा झाला की तिचा "बास!" यायचा आणि चाचा कानस खाली ठेवायचे. मिरजेतल्या त्या घरातनं एकही तंबोरा तिच्या "बास"शिवाय बाहेर पडला नव्हता.

आज पलीकडनं काहीच आलं नाही. चाचांनी पुन्हा तारा उतरवल्या, पुन्हा घासलं, पुन्हा छेडलं आणि पुन्हा वाट बघितली. त्यांच्या मांडीवर पांढरी भुकटी साचत गेली.

तंबोरा न्यायला आलेल्या गायिकाबाईंना शेवटी राहवलं नाही. "चाचा, मघाशी तंबोरा किती गोड बोलत होता हो! आता नुसता खरखरतोय. थांबला का नाहीत?"

चाचांनी घोडीवरनं बोट फिरवलं. मधोमध खळगा पडला होता.

"आतनं बास आलंच नाही," ते म्हणाले.

बाईंची नजर त्या भिंतीकडं गेली. परवाच जैतूनबीच्या मयतीनंतरच्या चाळिसाव्याला त्या याच घरात जेवून गेल्या होत्या.