खड्ड्याआधीचा आवाज

नीरजाच्या गाडीचं पुढचं डावं चाक खडखडू लागलं, तेव्हा कर्वेनगरातल्या सर्जेराव मिस्त्रींनी झिजलेले रबरी बुश बदलले, बॉल जॉइंटही नवा टाकला. तरी आवाज गेला नाही. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन लोणी काळभोरला जायचं होतं, म्हणून ती भरदुपारी पुन्हा गॅरेजवर आली.

"सगळं नवं टाकलंय ताई. आता वाजायला आत उरलंय काय?" कुरकुरतच मिस्त्री तिच्या शेजारी येऊन बसले. "चला, चक्कर मारू."

पहिल्या खड्ड्याला धाडकन आवाज झाला. दुसऱ्या खड्ड्याला नीरजाने चमकून मिस्त्रींकडे पाहिलं. आवाज आधी झाला होता आणि चाक नंतर आदळलं होतं.

"मिस्त्री, ऐकलंत?"

त्यांनी खिडकीची काच खाली करून कान दिला. पुढच्या गतिरोधकाचा दणका, गाडी चांगली दहा हात अलीकडे असतानाच ऐकू आला. त्यापुढचा तर गतिरोधक नजरेत येण्याआधीच.

"गाडी बाजूला घ्या," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले.

तिने गाडी कडेला लावून इंजिन बंद केलं. समोर मोकळा, गुळगुळीत रस्ता होता. जराशाने बॉनेटखालून भयंकर धडक बसल्याचा आवाज आला. पाठोपाठ पत्रा चेपत गेल्याचा, काचा फुटल्याचा. गाडी तसूभरही हलली नव्हती.

मग कोणीतरी जिवाच्या आकांताने किंचाळलं. तो आवाज नीरजाचाच होता.

मिस्त्री तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांकडे बघत राहिले.