पुलावरची पांढरी गाडी

देवव्रतला माज चढला होता, दुसरं काही नाही. सुगंधाबाईंचं हे मत बोरीवलीच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर ऐकवून झालं होतं. आज तो समोर जेवायला बसला, तसं त्याच्या तोंडावर ऐकवलं.

"हाताखाली चार माणसं आली म्हणून घरच्यालाच नाडायचं? गणपतीला चार दिवस मागितले होते रे पोराने. पाय धरायला हवे होते काय तुझे?"

देवव्रत त्यांच्या बहिणीचा मुलगा. आठ देशांच्या कुठल्याशा संघात मोठ्या हुद्द्यावर. शेजारच्या देशांची भांडणं पेटायच्या आत विझवायची, हे त्या संघाचं काम. चौथीत शाळा सुटलेल्या सुगंधाबाईंना ते काम कधी पटलंच नाही. पेटलंच नाही तर विझवलं काय, नि पगार कशाचा? पण तीन वर्षांपूर्वी त्याने त्यांच्या नातवाला, नितेशला, संघाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लावून घेतलं. तेव्हापासून त्या गप्प होत्या. यंदाच्या भाद्रपदापर्यंत. नितेशला बाप नाही, घरचा गणपती आणायचा मान त्याचा. यंदा तो शेजारच्या राजेशने आणला, आणि सुगंधाबाईंनी ते गिळलं नव्हतं.

"मावशी, सुट्टी मीच अडवली."

"ते ठाऊक आहे मला. का, ते बोल मेल्या."

करार काल झाला होता, म्हणून आता बोलता येत होतं. नदीच्या दोन्ही अंगांना, डोंगराआड, दोन देशांनी तोफा आणून ठेवल्या होत्या. संघातल्या पाचच जणांना ते माहीत होतं. महिनाभर बोलणी चालली. रोज सकाळी संघाची पांढरी गाडी पूल ओलांडून जायची, संध्याकाळी परत यायची. दोन्हीकडच्या चौक्यांची नजर त्या गाडीवर, नि गाडी चालवणाऱ्या नितेशवर. तो घरी निघाला असता तर संघ आपली माणसं काढून घेतोय, असा अर्थ झाला असता. मग समोरच्याने मारायच्या आत आपण मारू, असं दोघांनाही वाटलं असतं.

सुगंधाबाईंच्या हातातला डाव बांगड्याच्या तिखल्यातच राहिला.

"नितेशला ठाऊक होतं हे?"

"नाही. कळलं असतं तर चौकीवर थांबून शिपायांशी हसत चहा प्यायला नसता तो. त्याचं ते हसणंच हवं होतं आम्हाला."

"आणि तू कुठे होतास?"

देवव्रतने घास खाली ठेवला. "मुख्यालयात."

आत नितेशची आई मानसी भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज बंद पडला. सुगंधाबाईंनी मान वळवून बघितलं नाही.

"त्या नदीकाठी माणसं किती राहतात?"

"लाखभर."

"गोळी सुटली?"

"एकही नाही. तोफा आज मागे निघाल्या. नितेश परवा घरी येतोय, मावशी. महिनाभराची सुट्टी दिलीय त्याला."

तो आता तरी मावशी हसेल म्हणून थांबला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बांगड्याचा मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला, वर दोन डाव तिखलं घातलं.

"तुझ्या जागी मी असते," त्या म्हणाल्या, "तर पहिल्या विमानात बसवला असता पोराला. मागे लाख माणसं मेली असती, तरी मला झोप लागली असती. म्हणून त्या खुर्चीवर तूच हवास, माझ्यासारखी नको. केलंस ते बरोबर केलंस, देवव्रत. आता पोटभर जेव. नि या घरात परत येऊ नकोस."