हमखास कालवड

“ही मोठी राणी, आनि ही धाकटी करिश्मा,” सखानं कालवडीच्या पाठीवर थाप मारली. “दोगीपन त्या नव्या इंजेक्शनच्या.”

पाहुणे आले होते मुलगा बघायला. पण सुशीलची कंपनीतली शिफ्ट अजून सुटायची होती, आणि तोवर सखानं त्यांना गोठ्यातच धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मुलापेक्षा गोठाच जास्त दाखवण्याजोगा होता. सुशील चौतिशीला आला होता आणि केसांनी त्याची साथ सोडायला सुरुवात केली होती. रोह्यापासून पेणपर्यंतच्या झाडून सगळ्या मुलीवाल्यांनी या घरी चहा पिऊन ‘कळवतो’ म्हटलं होतं. कळवलं कुणीच नव्हतं. सुशीलनंतर बऱ्याच वर्षांनी झालेला प्रदीपही आता लग्नाच्या रांगेत उभा होता. आज जोह्याचे जनूभाऊ लेकीला, प्रणिताला, सोबत घेऊनच आले होते. हेही स्थळ गेलं तर थोरल्याचं लग्न विसरायचं, हे सखाला पक्कं ठाऊक होतं.

“नवं म्हंजे कसलं इंजेक्शन?” जनूभाऊंनी विचारलं.

सखा याच प्रश्नाची वाट बघत होता. “अवो, कालवडच होनार असं वळूचं बी देतात आता. आधीच निवडलेलं. शंभरात नव्वद वेळा कालवड! गोऱ्हा घेऊन काय करायचं? शेतात ट्रॅक्टर फिरतो. गोऱ्हा नुसता खानार. म्हनून डॉक्टरला आधीच सांगायचं काय पायजे ते. आपल्याला नको ते होऊच द्यायचं नाय.”

जनूभाऊंनी कौतुकानं मान डोलावली. प्रणिता न बिचकता करिश्माचा गळा खाजवत होती. ते बघून सखाला भलताच हुरूप आला.

दोन्ही कालवडींच्या वेळी त्यानं गावभर पेढे वाटले होते. सरूनं, त्याच्या बायकोनं, त्यांच्या कपाळाला काजळाची तीट लावली होती. नावंही तिचीच. सखाच्या डोक्यात गंगा, कपिला असलं काहीतरी होतं, पण सरूच्या जिभेवर ही दोन नावं तयारच होती. बाईनं कुठल्या सिनेमातून उचलली कोण जाणे, म्हणून सखानं तिची थट्टाही केली होती. ती हसली नव्हती. ती तशीही कमीच हसायची, म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं.

सुशील आला. हातपाय धुऊन तो प्रणिताशी परसात थोडं बोलला. परत आल्यावर प्रणितानं बापाकडे बघून हलकेच मान हलवली. सखाला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठून फटाके लावावेत.

“पोरीला पसंत हाय,” पडवीत बसत जनूभाऊ म्हणाले. “मलापन हाय. मानपान काय नको. फक्त एक करा. आमचा आदेश बत्तीस वर्षांचा झाला. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखतो, लोक बघत ऱ्हातात. पन त्याला पोरगी द्यायला कोन तयार नाय. तवा आपन साटंलोटं करू. माझी लेक तुमच्या घरात, तुमची लेक आमच्या घरात.”

सखाचा हात मिशीवरून खाली आला. मध्यस्थानं गोठा सांगितला होता, पगार सांगितला होता, पडवीवरचे नवे पत्रेसुद्धा सांगितले होते. घरात मुलगी नाही, एवढंच नेमकं सांगायचं राहिलं होतं.

“आमाला पोरगी नाय, जनूभाऊ.”

“एकपन नाय?”

“नाय.”

“पुतनी? भाची?”

सखा मनातल्या मनात भावाच्या घरी जाऊन आला, बहिणीच्या घरी जाऊन आला. जिथं जावं तिथं पोरगेच पोरगे.

“मग अवघड हाय,” जनूभाऊंनी सुस्कारा टाकला. “हीच एक पोरगी हाय माझ्या हातात. हिला अशीच दिली तर माझा पोरगा जल्मभर तसाच ऱ्हायचा.” त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले. प्रणिता चपला शोधू लागली. सुशील जमिनीकडे बघत राहिला. सखानं दोन्ही हात वर केले.

“काय करनार, जनूभाऊ? देवानं पोरगी दिलीच नाय आमाला!”

सरू कप गोळा करत होती. ती थांबली.

“देवाला कशाला मधी घेताय?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “त्यानं दिल्या व्हत्या. सुशीलच्या पाठीवर दोन. दोनी टायमाला तुमी मला डॉक्टरकडं तपासायला नेलं, आनि पोरगी हाय म्हटल्यावर पाडायला लावलं.”

सखा तिला गप्प करायला पुढं आला.

सरूनं कप ताटलीत ठेवले.

“नावंपन ठरवून ठेवली व्हती मी,” ती म्हणाली. “राणी आनि करिश्मा.”